पिकतं तिथे

पायसांदूला जुलैत थंडी असते.
नदीवरचा वारा दाराच्या फटीतून
क्लबच्या धुलाईखोलीत शिरतो आणि
दोरीवरचे अकरा हिरवे शर्ट
मॅचच्या आधीच पळू लागतात.

मी एल्बिया. एकतीस वर्षं नंबर शिवते.

सोमवारी नऊ नंबर उसवला.
मायकोलचा. वय सतरा,
संत्र्यांच्या बागेमागच्या घरातला.
पहिल्यांदा त्याचे मोजे रफू केले तेव्हा
त्याचं पाऊल माझ्या तळहातात मावायचं.
आता नऊ नंबर एचेगोयेनचा:
वय चौतीस, सात क्लब, दोन देश,
येताना स्वतःचा साबण घेऊन आलेला.

'घरचं पोर बाकावर, पाहुणा ताटावर,'
माते ओतता ओतता वॉशिंग्टन म्हणाला.
तो मैदानाचं गवत कापतो. त्याचं मतही
गवतासारखंच, दर आठवड्याला तेवढंच वाढतं.

रात्री सभा होती. हात वर करून ठरवायचं,
पैसा पोरांच्या शाळेत घालायचा
की बाहेरच्या पायांत.

बेकरीवाल्याचं भाषण मला पाठ आहे:
आपली माती, आपलं रक्त, आपली नदी.
नदी ब्राझीलमधून येते
हे त्याला कुणी सांगत नाही.
मग खजिनदार, चष्मा पुसत:
खालच्या विभागात घसरलो तर
तीच माती चाटायची का?

दोघंही खरं बोलत होते. तीच तर पंचाईत.

माझा विल्मार ह्याच मैदानावर वाढला.
एकोणीस सामने. विसाव्याला
कोट घातलेली दोन माणसं आली, त्यांनी
दात सोडून त्याचं सगळं तपासलं.
पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात.
आमच्याकडे पिकतं तेच विकतात.
त्याच्या पैशातून दिव्यांचे चार खांब आले.
हे वॉशिंग मशीनही.
ते कपडे पिळायला लागलं की
मी रेडिओ मोठा करते.

तो आता तुर्कस्तानात. तिथलं कुणाचं तरी पोर
त्याच्यापायी बाकावर बसलं असेल.
तिथे एक शिवणारी बाईही असेल.
फोटोत पाहिलं मी, त्याच्या नावातलं
शेवटचं अक्षर तिरकं, टाका सैल.
मला राग आला तो टाक्याचा.

सभेआधी एचेगोयेन आला होता.
शर्ट खांद्यात घट्ट होतो म्हणाला.
दोन बोटं सैल केला. तो उभा राहिला
हात पसरून, टाचण्यांना भीत.
गाव कुठलं तुझं? मी विचारलं.
त्याने आधी दाराकडे पाहिलं.
'तिथे आता क्लब नाही,' म्हणाला.

मी सभेत कधी बोलत नाही. काल उठले.
म्हटलं, पोरं वाढवा, हवं तर बाहेरचे आणा,
पण घरचं पोर शंभर सामन्यांआधी विकू नका.
कुणीतरी हसलं.
'हा कुठल्या ठरावात बसतो?' खजिनदार म्हणाला,
पण पेन्सिलीने लिहून घेतलं.
काय ठरलं ते पुढच्या महिन्यात कळेल.

उसवलेला नऊ मी टाकला नव्हता.
त्याच्याआधी एक दोन जोडला, मायकोलसाठी.
एकोणतीस. टाके दुहेरी.

निघताना पाहिलं, विल्मारचे दिवे चालू होते.
एचेगोयेन कोपऱ्यातून चेंडू उचलून टाकत होता,
मायकोल डोकं लावत होता, बारच्या वरून,
पुन्हा बारच्या वरून.
आठ मोजले.
नवव्याला माझी बस आली.