माया

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात
डॉक्टर बोरस्त्यांनी पोटाला चार भोकं पाडली.
शुद्धीवर आल्यावर मी आधी टाके बघितले.
सवयच ती, तीस वर्षं ब्लाउज शिवल्यावर.
बेंबीजवळचा बरा होता, बारीक, सरळ.
बरगडीखालचा मात्र
दिवाळीच्या घाईत घातल्यासारखा.

खडे डबीत घालून दिले. नऊ.
हरभऱ्याच्या डाळीएवढे, रंग चिंचोक्याचा.
डबी बटणांच्या बरणीशेजारी असते,
आणि एकदा खरंच
कोठावदे बाईंच्या कुर्त्याला बटण शोधताना
तीच उघडली.

"पित्ताची पिशवी म्हणजे टाकी," डॉक्टर म्हणाले,
"टाकी काढली. नळ चालूच आहे."
सिडकोतल्या बाईला
हे दोनदा सांगावं लागत नाही.
साठवण नाही, तर धार येईल तसं
पातेलं पातेलं भरायचं,
एकदम पिंप लावायचं नाही.

पण मी घाबरले.
पहिला महिना टोस्ट, पेज, टोस्ट.
सहा किलो गेले, सगळे म्हणाले, अरे वा!
कात्री हातात थरथरत होती ते कुणी पाहिलं नाही.
निकुंभ वहिनींच्या पैठणीचा काठ वाकडा कापला,
भरून दिला पदरचे पैसे घालून.
तसं बारीक होणं म्हणजे नुसतं उसवणं.

मग मार्गशीर्षात, ओझरला, भाचीची हळद.
ताईनं पुरणपोळीवर तूप ओतलं,
"पिशवीच नाही, तर खडे कुठून होणार आता?"
बोलणं बिनतोड होतं. दोन खाल्ल्या.
तिकडे नवरीला हळद लागत होती,
इकडे मी मांडवामागे
टमरेल शोधत.

तेव्हापासून शिकले,
जशी शिवण शिकले होते: चुकून, उसवून, परत घालून.
सकाळी अर्धी भाकरी, दोडका,
तेल चमच्यानं, बुधलीनं नाही.
अकराला पपईची फोड.
दुपारी मुगाचं वरण, भात मुठीएवढा,
ताक बिनसायीचं. साय मांजरीला.
मांजर जाडजूड झालीय.
हंगाम आहे तोवर चारला द्राक्षं,
ताईच्या मळ्यातली, मोजून बारा.
तेरावं कधीतरी.

रविवारी हे मिसळ आणतात, घरभर तर्रीचा वास.
मी वरची मटकी काढून घेते,
कांदा, लिंबू, कोथिंबीर.
"ही कसली मिसळ?" म्हणतात.
आणि मग, हसत, "पित्त खवळतं का गं अजून?"
खवळतं की.
पण आता त्याला बसून राहायला जागा नाही.
थेंब थेंब येतं, जातं.

पांडवलेण्याच्या पायऱ्या
आधी चाळीस झाल्या की बसायचे.
परवा वरपर्यंत गेले.
वरून सगळं सिडको दिसलं,
गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या.
मी पोटावर हात ठेवला,
आणि का कोण जाणे, हसू आलं.

कोठावदे बाई विचारतात, डाएट सांग ना.
मी म्हणते, आधी नऊ खडे करा.

वजनकाटा नाही घेतला. गळ्यात टेप असतेच.
अडतीसची कंबर चौतीस झाली.
काल माझाच ब्लाउज आत घेतला,
दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण इंच.
आतलं कापड काखेत जाड लागायला लागलं.
"कापून टाक ना," धाकटी म्हणाली,
"परत थोडीच जाड होणारेस?"

कात्री उचलली.
तीस वर्षं गिऱ्हाइकांना काय सांगत आले मी?
अंग आज असं, उद्या तसं,
शिवणीत माया ठेवावी लागते, बाई.
कात्री ठेवली.
मशीनला तेल घातलं, चमचाभर.
चार वाजले होते.
द्राक्षं धुवायला घेतली.