वीस मिनिटांची अट

काडेपेटीहून लहान आहे ते.
उजव्या मांडीवर, चिकटपट्टीखाली, सात दिवस.
बसली, उभी राहिली, चालली
एवढंच त्याला कळतं.
का, ते कळत नाही. तो रकाना माझ्याकडेही नाही.

मी तळघरात बसतो.
ट्रोम्सो. इस्पितळाची जुनी इमारत.
नोव्हेंबरपासून सूर्य नाही;
दुपारी बाराला झरोक्यात शाईचं पाणी होतं,
मग पुन्हा शाई.
माणसं वर, तिसऱ्या मजल्यावर असतात,
माझ्यापर्यंत येतात त्या रेघा.

क्रमांक चौदानं प्रश्नावलीत लिहिलं होतं,
‘फारशी हालचाल नाही. रोज अर्धा तास.’
खोटं नव्हतं.
तिच्या लेखी चालणं म्हणजे बूट घालून चालणं.

रेघेनं बाकीचं धरलं.
उभ्यानं काढलेली सबंध दुपार.
जिना,
आणि रुमाल वर राहिला म्हणून पुन्हा जिना,
आणि रुमाल आणला तर चष्मा राहिला म्हणून.
पहाटे तीन दहाला, वॉर्ड निजलेला असताना,
पलंग ते दार, दार ते पलंग,
बारीक, दाट,
हातशिलाईचे टाके असावेत तशी टिंबं.

लहानपणी कौतुकच झालं असेल तिचं:
पायाला भिंगरी आहे पोरीच्या!
भिंगरीला कोण विचारतं,
थांबायचंय का म्हणून.

आमच्या गावात चालणाऱ्याला मान आहे.
रविवारी निम्मं गाव डोंगरावर,
कपाळाला दिवे बांधून, बर्फ तुडवत.
माझे वडील एकोणऐंशीचे;
रात्री जेवताना ते आकडा सांगतात
आणि आम्ही चमचे खाली ठेवून वा वा करतो.
तसलाच आकडा सकाळी
माझ्या पडद्यावर आजार म्हणून येतो.
दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सीमा आखायची आहे,
पगार त्याचाच मिळतो मला.
अजून आखलेली नाही.

मग जानेवारीतला तो दिवस,
सूर्य डोंगराच्या खाचेतून परत येतो तो.
गावभर सूर्यपाव खातात, आत जॅम, वर साखर.
माझ्या कळफलकावरही साखर सांडली होती
चौदाची रेघ उघडली तेव्हा.

बारा चार ते बारा सत्तावीस:
सरळ.
एक टाका नाही.

नियम असा आहे की
वीस मिनिटं रेघ हलली नाही
तर यंत्र काढून ठेवलं असं धरायचं
आणि तेवढा तुकडा पुसायचा.
नियम मीच लिहिलाय. शहाणपणाचा आहे.
जिवंत माणूस एवढा वेळ गप्प बसत नाही,
आणि चौदा तर नाहीच नाही.

बोट कळीवर होतं.
बाजूच्या रकान्यात तापमान दिसलं: तेहतीस.
काढून ठेवलेलं यंत्र थोड्याच वेळात
खोलीइतकं गार पडतं.
हे गार नव्हतं.
त्याच्याखाली मांडी होती.

वर फोन केला. गुनव्होर होती ड्यूटीवर.
‘हो, सगळ्या खिडकीशी गर्दी करून उभ्या होत्या,’ म्हणाली,
‘तिरिल खुर्ची ओढून बसली. म्हटलं, बसू दे.’
नाव मला कळायला नको होतं.
पावाचं विचारणार होतो,
अर्धा खाल्ला, हातात धरला, की बशीतच राहिला.
नाही विचारलं.

तेवीस मिनिटं ठेवली.
शेजारी कारण लिहावं लागतं;
लिहिलं, ‘घातलेलं होतं.’

दुसऱ्या पहाटे पुन्हा शिलाई,
पलंग ते दार, दार ते पलंग,
सुरुवात तीन बाराला.
दोन मिनिटं उशिरा.
याचा काही अर्थ काढू नये
एवढं या नोकरीत शिकलोय मी.
बाहेर पाहिलं. अंधारच होता,
पण कुणीतरी रस्त्यावरचं बर्फ ओढत होतं,
आणि मी, कोण जाणे का,
त्याचे फेरे मोजत बसलो.