धोटा क्रमांक सात

जकार्डच्या ग्राफपेपरवर,
चादरीचा मोर अर्धा सोडून,
अंबादासने एका देशाचं वायुदल मांडलंय.
देशाचं नाव अजून ठरायचंय.
मुख्यालय: साखर पेठ, पाण्याच्या टाकीमागे.

तुकड्या तीन.
पहिलीत धोटे, लढाऊ, एकूण अकरा;
सुटले की परत येणं बंधनकारक.
दुसरीत मालवाहू बाचकी,
पोटात दोनशे चादरी
किंवा एक आजारी माणूस.
तिसरीत विमानंच नाहीत,
नुसत्या बायका, मांडीवर सूप,
विड्या वळता वळता आभाळाकडे कान.
रडार म्हणे.
दलप्रमुख आमची आई. तिला कळवलेलं नाही.

शत्रूचा रकाना कोरा.
मी विचारलं, मग लढायचं कुणाशी?
म्हणाला, दिसला की भरू.

शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, बारीक:
धोटा क्रमांक सात. वैमानिक यल्लप्पा.
आडनाव आमचंच.
शेवटचा संपर्क भिवंडी.
इंधन किती उरलं असेल
याचा हिशेब चारदा मांडलाय,
चारदा खोडलाय.

वीज गेली. गल्लीतले माग एकदम थांबले.
मेणबत्तीशी मी मोर पुरा करायला घेतला.
पायांच्या जागी चाकं काढलेली.
राहू दिली.