कॅप्टनची बदली

तुकडे किलोवर आणले, जुईनगरच्या भंगारवाल्याकडून.
दीड किलो. चाळीस रुपये कमी कर म्हटलं, त्याने वीस केले
आणि वर एक मूठ टाकली, कोथिंबिरीसारखी.

खोका नव्हता, कसं जोडायचं ते सांगणारं पुस्तक नव्हतं.
काहींवर कुणाच्या तरी दुधाच्या दातांचे व्रण.
प्रांजलने सगळे परातीत धुतले,
उलव्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावर
खिडकीच्या जाळीत पंचावर वाळवले,
आणि दिवेलागणीपर्यंत त्यांचं यान झालं:
एक पंख लाल,
दुसरा जे सापडेल त्याचा.

कॅप्टनला केस नाहीत, डोक्यावर नुसता गोल खुंट.
डावा हात नाही.
"शनीच्या कड्यात अडकला," ती म्हणाली.
"भाग दुसरा. तुम्ही झोपला होतात."

माझी तिसरी पाळी, अकरा ते सात.
न्हावा-शेव्याला क्रेनवर, पायांखाली काच,
काचेखाली चाळीस मीटर वारा,
वाऱ्याखाली जहाज.
डब्यावर डबा ठेवतो मी. लाल, निळा, करडा,
मध्येच एखादा पिवळा, कुठून आला कोण जाणे.
चार कोपरे चार कोपऱ्यांवर बसतात, कुलूप फिरतं,
टक.
घरी परातीजवळ तोच आवाज,
फक्त वीस टनांनी हलका.

भाग पाचव्यात असा ग्रह आहे की जमिनीला खुंट्याच नाहीत,
तिथे कुणाचा पाय ठरत नाही;
लोक तरंगत राहतात
आणि जेवायच्या वेळी एकमेकांना दोरीने बांधून घेतात.
भाग सहाव्यात गंजासुर येतो.
तो ज्याला शिवेल ते तांबूस होऊन झडतं:
तारे, दरवाजे, एका गावाची घंटा.
पण प्लास्टिकला गंज चढत नाही
हे त्याला अजून माहीत नाही,
आणि प्रांजलने ते शेवटच्या भागासाठी राखून ठेवलंय.
मला शपथ घातली आहे.

एका सकाळी मी बूट काढत होतो.
तिने माझे तळवे उलटे केले,
रेषांमध्ये बसलेला तांबडा रंग बघितला,
वास घेतला.
"बाबा, तुम्ही त्याला भेटता का?"
शिडीचे कठडे, खारा वारा, मी सांगायला लागलो.
तिने ऐकलं.
आरोपीचं ऐकतात तसं.

त्या रात्री दीड वाजता डबा उघडला,
भाकरी, वालाचं बिरडं,
आणि लोणच्याच्या झाकणाखाली कॅप्टन, तेलाने माखलेला.
सोबत चिठ्ठी:
हुकूम. कॅप्टनची बदली क्रेनवर. बाबांवर लक्श ठेवणे.

केबिनमध्ये सुटी वस्तू ठेवायची नाही असा नियम आहे.
मी त्याला शर्टाच्या खिशात उभा केला, डोकं बाहेर.
पावणेतीनला वारा वाढला, काम थांबलं.
समोर घारापुरीचा अंधार, त्यात दोन दिवे.
आम्ही दोघं तसेच बसलो,
तो लक्ष ठेवत,
मी जरा ताठ.
मग का कोण जाणे, त्याला सांगून टाकलं
की मलाही उंचीची भीती वाटते,
अकरा वर्षं झाली, घरी माहीत नाही.

सकाळी दारातच तिने हात पुढे केला.
कॅप्टन कानाला लावला.
खूप वेळ.
मी बूट हातात धरून उभा.
"काय म्हणाला?"
"गुप्त आहे."

मग मोरीतून नारळाची शेंडी आणली, साबण आणला,
मला पाटावर बसवलं.
"आधी डावा," म्हणाली,
आणि घासायला लागली.