पाच गुणांचं प्रतीक

युनिट चार. आयरिश कविता.
बारावी कला, पंखा एक, मुलं एकतीस,
पुस्तकं नऊ.
झेरॉक्सवाल्याने पानाचा तळ कापलाय,
म्हणून आमच्या कॉलेजात प्रत्येक कविता
दोन ओळी आधीच संपते.

मी सांगते, तिकडे दलदलीतली माती
वाळवून चुलीत घालतात.
मागच्या बाकावरून रैनू उसेंडी म्हणतो,
चंद्रपूरले बी जळते न मॅडम माती,
फक्त खोल असते.
बरोबर आहे. मी पुढे जाते.

त्यांच्या नाण्यावर राजा नाही,
वाद्य आहे. फळ्यावर काढून दाखवते.
वखरासारखं काहीतरी येतं.
किंगरी, जयवंती कोडापे म्हणते,
आणि लगेच मान खाली घालते.
तिच्या काकाची किंगरी, तीन तारांची,
घोड्याच्या केसांचा गज,
रात्र रात्र राजांची नावं घेत वाजायची.
संस्कृती दिनाला आणली होती त्याने.
आपण तिला चिठ्ठी चिकटवली, नग सतरा,
आणि स्टाफरूमच्या कपाटात ठेवली.
किल्ली सापडत नाही.
दोनदा येऊन गेला काका.

मग मी काठीचं सांगते.
तिथल्या पोरांच्या गळ्यात काठी असायची,
घरची भाषा तोंडातून निसटली
की काठीवर एक खाच.
संध्याकाळी खाचा मोजायच्या, तेवढे फटके.
वर्ग गप्प. नेहमीसारखा नाही, दुसराच गप्प.
आमच्या आश्रमशाळेत काठी नव्हती, कोणीतरी म्हणतं,
रुपया होता.
किती झाले, मी विचारते. उगाच विचारते.
चौथीपर्यंत अठ्ठावीस, जयवंती सांगते,
मग बोलणंच बंद केलं.

प्रश्न पाचवा, गुण पाच:
म्हातारी बाई हे देशाचे प्रतीक कसे, ते स्पष्ट करा.
मुद्दे मीच लिहून दिले होते.
दारात येते, चार शेतं गेली म्हणते,
पोरं तिच्यामागे मरायला निघतात,
आणि ती तरुण होऊन राणीसारखी चालू लागते.
तीसही पेपरांत हेच, माझ्याच चुकांसकट.

जयवंतीने लिहिलं होतं:
सव्वीस जानेवारीला मला भारतमाता केलं.
उंच होती म्हणून. सरांनी आधी पावडर लावायला सांगितली,
मग अजून थोडी.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर साडेतीन तास उभी होते.
हातात झेंडा, म्हणून नाक खाजवता येत नव्हतं.
लोक पाया पडत होते. तहान लागली होती.
पाया पडणाऱ्याला पाणी कसं मागायचं?
ती म्हातारी तरुण झाली असं पुस्तकात आहे.
मला वाटतं, तिला कोणी
खाली उतरू दिलं नाही.

मी चार दिले.
एक कापला, नेमून दिलेले मुद्दे नाहीत म्हणून.
पेन उचलून पुन्हा ठेवलं.
बेरीज तशीच राहू दिली.

तिच्या गावाचं नाव इरूकनार.
इरूक म्हणजे मोह, नार म्हणजे गाव.
पाटी रंगवणाऱ्याला इरूक कळलं नाही,
त्याने इंद्रनगर लिहिलं.
रस्ता झाला, पाटी राहिली,
मग मतदार यादी, मग रेशन कार्ड.
इंद्र कुठला, कोणी विचारलं नाही.
मोहाची झाडं अजून तिथेच आहेत,
मार्चमध्ये पहाटे पोरी टोपल्या घेऊन जातात,
पहिल्या तासाला हाताला वास असतो,
हजेरीत मला तो येतो.

निकालाच्या दिवशी स्टँडवर भेटली.
पेपराबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.
कपाटाची किल्ली मिळाली का, एवढंच विचारलं तिने.
शोधते, मी म्हटलं. चार महिने तेच म्हणतेय.
गाडी लागली.
इरूकनार, एक, ती म्हणाली.
कंडक्टरने मशीनवर बटन दाबलं,
तिकीट निघालं, इंद्रनगर.
इरूकनार, ती पुन्हा म्हणाली, हळू नाही.
तेच ते, तो म्हणाला.

तिने तिकीट घेतलं,
आणि वरचे दोन रुपये
हात पुढे करून मागून घेतले.