दोनदा क्लच

ओमालोहून अल्वानीला उतरणाऱ्या रस्त्यावर
आमच्या निवाच्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो कधीच गेला होता.
दुरुस्तीचं नाव काढलं की त्सियाला म्हणायची,
"इतकी वर्षं त्यानं तुमचं काम केलं.
आता त्याचं तू कर."

ती शेजारच्या सीटवर लोकरीचे मोजे विणत बसायची.
मागे मेंढीच्या कातड्यात भरलेलं चीज,
एक बिघडलेला फ्रिज, आडवा,
आणि फ्रिजवर झोपलेला कुत्रा.

पहिल्या दिवशी मी दांडी ढकलली
तर पेटीत कुणी खडे चावल्यासारखा आवाज आला.
"दात आहेत ते, इमेदा. तुझ्या तोंडात आहेत तसेच.
एवढी घाई तू जेवतानाही करत नाहीस."

मग सांगितलं, सुयांवरची नजर न उचलता:
क्लच दाब. तिसऱ्यातून काढ. आता मधे थांब.
क्लच सोड. हो, सोड, पूर्ण सोड,
उतार आहे, गाडी पळणारच, पळू दे.
आता अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी,
लाथ नव्हे, टिचकी.
इंजिनचा सूर चढेल. चाकांच्या सुराला लागला
की पुन्हा क्लच, आणि दांडी आपणहून आत जाईल.
ढकलावी लागली तर समज, बेसूर.

मला ते मधलं थांबणं जमत नव्हतं.
त्या अर्ध्या सेकंदात गाडी कुणाचीच नसते.
इंजिन आपल्या नादात, चाकं आपल्या,
एका बाजूला नुसती हवा, खोल,
आणि वळणावर दगडी चौथरा,
त्यावर कुणा ड्रायव्हरचा फोटो, बाटली, पालथा ग्लास.
तो अर्धा सेकंद मी गिळून टाकायचो.
पेटी खडे चावायची.

तिच्या वडिलांच्या ट्रकला सिंक्रो हा प्रकारच नव्हता.
लोकरीच्या गठ्ठ्यांवर बसून ती नुसती ऐकायची,
डोळे मिटून सांगायची कितवा पडला.
"ब्रेक म्हणजे उधारी," ते म्हणायचे,
"उतारावर उधारीवर जगू नये."

ऑगस्टमध्ये माझे जाड बूट तिने नदीत फेकले.
पातळ तळव्यांचे कॅनव्हासचे आणून दिले.
एकाच पायाचे दोन पाय करायचे होते:
चवडा ब्रेकवर, तसाच, दाब न हलवता,
आणि बाहेरची कड वळवून अ‍ॅक्सिलरेटरवर.
मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून
दोन बटाट्यांवर सराव केला. बटाटे चिरडले.
ती म्हणाली, डावीकडचा मेला.

सप्टेंबर. धुकं. खिंडीखालचं सातवं की आठवं वळण.
आधी वास आला, मग पेडल खाली गेलं,
ओल्या लोकरीत पाय घालावा तसं, तळापर्यंत.
तिसऱ्यात होतो. तिसरा धरत नव्हता.
फोटोचा चौथरा धुक्यातून मोठा होत होता.
आणि सुयांचा आवाज थांबला.
मला भीती वाटली ती त्याची.

क्लच. काढला. सोडला.
मी थांबलो.
काचेवर एक माशी चालत होती, ती पाहिली.
कुत्र्यानं कूस बदलली, ती ऐकली.
कड वळली, इंजिन एक स्वर वर गेलं,
अजून थोडं,
हां.
क्लच. आणि दांडी गेली,
घरची किल्ली अंधारात कुलपात जाते तशी.
इंजिन ओरडलं, नाक खाली गेलं, फ्रिज सरकून माझ्या पाठीला लागला.
वळण संपलं.

पुढे हँडब्रेकवर, रांगत, एका झऱ्यापाशी थांबलो.
चाकांतून धूर येत होता. आम्ही भाकर आणि चीज खाल्लं.
त्सियालानं विणकाम उजेडाकडे धरलं.
"तुझ्यापायी एक टाका गळला," म्हणाली,
आणि उसवला मात्र नाही.

तो मोजा मला दिला. उजव्या पायाचा,
टाचेजवळ बोट जाईल एवढं भोक.
डाव्याचा कधी विणलाच नाही.
विचारलं तर म्हणायची, डाव्याला काय करायचाय,
त्याला फक्त मोजता आलं पाहिजे.
दोनपर्यंत.