उरेब

दौलतगंजात, दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली
माझं दुकान. पाटी नाही.
फॉल-पिको, रफू, ब्लाउज ढिले करणे.
घट्ट करायला हल्ली कमीच येतात.

मेच्या दुपारी ती आली, कंपूतल्या सरदारांची पणती,
रोहिणीराजे. फोनवर नुसती रो.
पिशवीत उशीचा अभ्रा, अभ्र्यात गाऊन.
"पणजीचा. पॅरिसहून शिवून आलेला.
रिसेप्शनला घालायचाय. होईल?"

टेबलावर पसरला तर टेबल पुरेना.
हस्तिदंती साटीन, नव्वद वर्षांचं,
बाह्या नाहीत, कळ्या नाहीत,
सगळा उरेब कापलेला.
तिला सांगितलं, सरळ कापलेलं कापड स्वतःचं ऐकतं,
उरेब कापलेलं अंगाचं ऐकतं.
सगळंच ऐकतं. जेवलेलंसुद्धा.
ती हसली, आणि पोट आत ओढलं.

मग गाऊन उलटा केला.
सुलट बाजू पाहुण्यांची, उलट बाजू आमची.

पाठ कमरेपर्यंत उघडी.
म्हणजे तिकडून निघाली तेव्हा उघडी.
इथे आल्यावर कुणी मास्तरांनी तिच्यावर चंदेरी लावली,
तांदळाएवढे टाके, एकसारखे.
पुढे कुणीतरी ती उसवून काढली.
साटीनची खोडच अशी, सुई गेलेली जागा भरून येत नाही.
दोन्ही कडांना भोकांची रांग,
मुंग्या निघून गेल्यावर राहिलेल्या वाटेसारखी.
कुणी लावली, कुणी काढली,
की दोन्ही हात तिचेच, मधे वीस वर्षं,
ते कापड सांगत नाही.

कमरेची शिवण तीनदा सरकलेली.
पाव इंच बाहेर. मग पाऊण.
मग एकदम आत, लांब लांब टाक्यांनी,
भलत्याच दोऱ्याने,
जणू घालणारीला उभं राहवत नव्हतं.

माझ्याकडे वह्या आहेत शहाऐंशीपासूनच्या.
तेव्हा बाह्यांना फुगे, खांद्यांत गाद्या.
मग गाद्या काढायला त्याच बायका आल्या.
चवळीची शेंग म्हणून जिला पसंत केली
तिचं वर्षाच्या आत पाप्याचं पितर झालं,
माप तेच, सासर बदललं.
आता मुली म्हणतात, काकू, दंड दिसू देत, कमावलेत.
माझ्या आईने असे दंड
फक्त धुणंवालीचे पाहिले, आणि त्यावर काही बोलली नाही.

टेप मात्र एकच.
पहिले दोन इंच झिजून कोरे झालेत,
तिसऱ्यापासून धरते
आणि मनातल्या मनात दोन वजा करते.

तिने फोनवर फोटो दाखवला.
सगुणाराजे, चाळिशीतल्या, नऊवारीत,
खुर्चीभर बसलेल्या, ओठ मिटलेले.
"कोण म्हणेल हे ह्यांनी घातलं होतं?
काकू, कंबर किती असेल हो हिची?"

"कधीची?"
मी विचारलं.

पंखा फिरत राहिला. वर कुणाचा तरी दात
मशीनखाली किरकिरत होता.
तिने फोटो बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा,
नुसते हात दिसेपर्यंत.

"माझे खांदे बसणार नाहीत ना यात?" म्हणाली.
"वजनं उचलते मी."
मी खांद्याची शिवण नखाने उघडली.
तिकडच्या कारागिराने माया सोडली होती,
चांगली अर्धा इंच,
नव्वद वर्षं आत दुमडून राहिलेली.
दुमडीत उजेड शिरला नव्हता,
तिथे रंग अजून पहिलाच.

चंदेरीचं काय, तिने विचारलं. भोकं झाकायची?
म्हटलं, तुझी पाठ, तू ठरव.
घरी जाऊन कळवते म्हणाली.

वही उघडली.
छाती, कंबर, खांदा यांच्या रकान्याच्या वर,
नावाच्याही वर,
आज पहिल्यांदा तारीख लिहिली.

दोनशे आगाऊ घेतले.
शुक्रवारी फिटिंगला ये, म्हटलं.
आणि जेवून ये.